गिडियनचा कान

केंटकी, ऑक्टोबर १७९४

रूबेनदादा,

मारामारीत कान गमावलेला माणूस इथे कोर्टात तशी नोंद करून घेतो, नाहीतर परक्या गावात लोक त्याला शिक्षेत कान कापलेला चोर समजतात. मंगळवारी गिडियन प्रुइट त्यासाठीच माझ्यापुढे उभा राहिला.

"लिहा, कारकूनसाहेब. तुमच्या थोरल्या भावानं नदीपार राहायला जायच्या आदल्या दिवशी चावला."

"दादानं? तो कधी कुणावर हात उगारत नाही."

"हात कुठे उगारला? दात लावले."

सगळं कोर्ट हसलं. मी मात्र कान निरखून पाहिला. कड अगदी सुरीनं कापल्यासारखी सरळ होती. आणि दादा, तुझे पुढचे चार दात तर घोड्याच्या लाथेनं कधीच पडलेत.

साक्षीदार कोण विचारलं, तर आपली बहीण टॅमर उठली. बायबलवर हात ठेवून म्हणाली, "मी डोळ्यांनी पाहिलंय."

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "खरंच पाहिलंस?"

"रविवारी त्याच्याशी लग्न करतेय. तू तुझं लिहायचं काम कर."

मी नोंद केली. पण खरं काय घडलं ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. तरीही हे पत्र मी धाडणार नाही. धाडलं तर तू उत्तर देशील, आणि तुला खोटं लिहिता येत नाही.

तुझा धाकटा,
एनॉक