न थांबणारा भोवरा

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आई मजेत, माझा खोकला गेला, तुझी खुर्ची रिकामी. फोनवर मी तुला बोलूच देत नाही असं तू म्हणतोस, म्हणून पत्र. आता मध्येच तोडून दाखव!

प्रकाशकाला सोमवारपर्यंत उत्तर हवंय: आपला भोवऱ्याचा कॉम्प्युटर गेम बाजारातल्या तयार इंजिनवर, म्हणजे गेममधल्या वस्तू हलवणाऱ्या तयार प्रोग्रामवर चालवायचा, की इंजिनही आपणच लिहायचं? तुझं म्हणणं मला पाठ आहे. "घर बांधायचं म्हणून कुणी वीटभट्टी काढतं का, भिंगरे?" एवढं बोलून तू दुसऱ्या गावात नोकरी धरलीस. उंटावरून शेळ्या हाकायला मोकळा!

तरी तुझं ऐकलं. तयार इंजिनात भोवरा सोडला. काय ती सावली, काय ती चकाकी! पण तो एकतर ताठ उभा राहतो, नाहीतर सरळ आडवा. पडता पडता सावरणं त्याला ठाऊकच नाही. अरे, त्या झोकांडीसाठीच तर आपण हा गेम मांडला! दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायचं, तर तहानही त्याच्याच मापाची ठेवावी लागते. मला ते मान्य नाही. कधीच होणार नाही.

म्हणून आपलं इंजिन लिहायला घेतलं. पहिल्याच दिवशी पडद्यावरचं टेबल जमिनीतून आरपार खाली गेलं आणि भोवरा हवेत फिरत राहिला. आई म्हणाली, "घरात एक भिंगरी कमी होती का?"

काल दोन्ही गेम तिच्या हातात दिले. तयार इंजिनवरचा खेळून "छान आहे" म्हणाली आणि चष्मा पुसत बसली. आपल्या इंजिनातला भोवरा कलला, तशी तीही कलली. खुर्चीसकट! "अगं सांभाळ, गेला, गेला... नाही गेला!" मग डोळे पुसत हसली. "दादा चालायला शिकला ना, तेव्हा अगदी अस्साच."

निकाल लागला. चित्रं, आवाज, मेनू सगळं तयार घेऊ. विटांपुरता तू जिंकलास. फिरणं मात्र आपलं.

अडचण एकच. माझा भोवरा थांबतच नाही. दमत नाही, मंदावत नाही; सकाळी सोडलेला अजून गरगरतोय. आई म्हणते, कुणावर गेलाय ते दिसतंच आहे. थांबण्याचं गणित या घरात एकालाच येतं.

आणि हो, प्रकाशकाला मी आजच कळवून टाकलं: इंजिन आमचं, लिहिणारे दोघं. तुला न विचारता. आता हवं तेवढं रागव, पण इथे येऊन रागव. खुर्ची पुसून ठेवली आहे.

तू येईपर्यंत फिरत राहणारी,
भिंगरी