तुरीवरचं पाणी

१८ नोव्हेंबर

रोहिणखेडला सभा. तासभर बोललो. 'दवाई म्हणू नका, विष म्हणा! दवाई आजाऱ्याला देतात. तुम्ही तुरीवर मारता ते विष!' टाळ्याच टाळ्या. मग आमच्या वावरातल्या तुरीच्या फांद्या उंच धरल्या. दोन एकर, यंदा एक थेंब विष नाही, नुसता निंबोळी अर्क! 'मोजा शेंगा, शोधा भोक!' कुणालाच सापडलं नाही.

सगळे पांगले तरी एक उंच माणूस थांबलेला. नजीर. तीन एकर तूर, दुसरं पीक नाही. मुलगी मलिहा बुलढाण्याला नर्सिंगला. तिचं पुढचं वर्ष या तुरीवर. 'भाऊ, तुमचं वावर पाहू काय?' पाहा म्हटलं! कधीही या.

२० नोव्हेंबर

नजीर धामणगावला आला, बायकोला घेऊन. तासभर ओळीओळीने फिरला. अंगठ्याच्या नखाने शेंगा उकलून पाहिल्या. बायको नूरजहां म्हणाली, 'दुकानदार बी असाच गोड बोलते, भाऊ.' हसलो. असे लोक आवडतात मला.

पुंजाजी – आमचा सालदार गडी – पाठीवर पंप घेऊन बांधावर उभा होता. नजीरने त्याला विचारलं, 'काय मारता बाबा?'

'पानी.'

'निंबोळीचं पाणी!' मी म्हणालो. दवाई हा शब्द आमच्या घरातून हद्दपार केलाय. आता पुंजाजीच्या तोंडातूनही गेला. एवढं तरी जमलं!

नजीर जाताना म्हणाला, 'ठरलं. एक थेंब नाही.'

२६ नोव्हेंबर

आभाळ. चार दिवस ऊन नाही. अळीला हवं तेच.

२९ नोव्हेंबर

नजीरचा फोन. 'भाऊ, अळी पडून राह्यली. मारू काय दवाई?'

'विष म्हणा, नजीरभाई!'

हसला नाही. निंबोळी दोनदा मारून झाली म्हणाला. पक्ष्यांना बसायला काठ्या रोवल्यात. 'पाखरू येते, पन अळी लय हाय.' धीर धरा म्हटलं. पुन्हा अर्क मारा.

फोन ठेवल्यावर कपाटातलं पुस्तक काढलं. खुणेचा कागद मीच घातलेला. अळी बारीक असेल तोवर निंबोळी. अळ्या मोजत राहा. मोठ्या झाल्या आणि वाढल्या, तर रासायनिक फवारणीला उशीर करू नका. मला हे माहीत आहे! पण सभेत हे वाक्य कधी म्हणत नाही. त्याला टाळी पडत नाही.

नजीरला परत फोन करायला हवा होता.

३० नोव्हेंबर

केला नाही. मोताळ्याला सभा होती.

५ डिसेंबर

रोहिणखेड. नजीरच्या वावरात.

झाडाखाली चादर पसरली, झाड हलवलं. टपटप, गारा पडाव्यात तशा अळ्या. जाडजूड, हिरव्या. शेंगेशेंगेला गोल भोक, अळीचं तोंड आत, शेपूट बाहेर. दाणा शिल्लक नाही. पाचोळ्यासारखी वाजते तूर.

नूरजहां कमरेवर हात ठेवून उभी. 'मोजा ना भाऊ शेंगा! शोधा, एखादी बिनभोकाची दिसते काय.'

माझंच वाक्य!

'अवो, चूप,' नजीर तिला म्हणाला. मला म्हणाला, 'तुमची कशी हाय?'

'चांगली आहे.' दुसरं काय सांगणार?

'मंग माहंच काई चुकलं असंन. अर्क पातळ झाला असंन.' नंतर म्हणाला, 'मलिहाले फोन केला. सामान बांध म्हटलं.'

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

६ डिसेंबर

सकाळपासून आमच्या तुरीत. तेच आभाळ. तेच बियाणं. अर्क तर मीच नजीरला करून दाखवला होता. शंभर शेंगा उकलल्या – एकीलाही भोक नाही. पहिल्यांदाच भीती वाटली चांगल्या शेंगेची.

७ डिसेंबर

पुंजाजीला विचारलं, कोणतं पाणी मारतोस? गोठ्यामागे घेऊन गेला. पोतंभर रिकाम्या बाटल्या. पोत्यावर माझ्या बायकोच्या, पुष्पाच्या जुन्या लुगड्याचा तुकडा झाकलेला.

'वयनी आनून देतात. दर पंधरा दिसाले मारतो. तूर जाऊ द्याची काय, भाऊ?'

मग मला सांगायचं नाही?

'सांगतच होतो ना! दवाई म्हनू नका म्हनता तुमी. म्हून आमी पानी म्हनतो.'