धुरी बंद झाली तेव्हा

माझ्या आये,

तुला जाऊन सात वर्षं झाली आणि मी आज पत्र लिहायला बसलेय. कारण सांगते. माझी सुजू, तुझी नात, बाळंतीण होऊन माझ्याकडे आलीय. मुलगा झालाय! त्याला न्हाऊ घालायला येते ती हौसामावशी आज म्हणाली, “शेगडी कुठं हाय गो? पोराला धुरी नाय द्यायची?” मी खेकसलेच तिच्यावर. बिचारी निघून गेली. आणि मला तू आठवलीस.

किती आवडायची मला तुझी धुरी! कासू गावातल्या आपल्या घरात वारा नको म्हणून तू दारं-खिडक्या लावून घ्यायचीस. करवंट्यांच्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, चिमूटभर धूप टाकायचीस आणि न्हालेलं बाळ दोन्ही हातांवर धरून त्या धुरावरून फिरवायचीस. तुझ्या लुगड्याला दिवसभर तोच वास. तुझ्या कुशीत शिरलं की मला लगेच झोप लागायची.

सुजू महिन्याची असताना खोकायला लागली. तुला वाटलं, सर्दी झाली. मग काय केलंस? ओवा वाढवलास! दोन्ही वेळा धुरी! तिसऱ्या दिवशी श्वास घेताना पोरीची छाती आत ओढली जायला लागली, तेव्हा आपण रिक्षाने पेणला धावलो. डॉक्टर म्हणाले, “आधी घरातला धूर बंद करा.”

तू त्यांच्यावरच उखडलीस. “माझी चार पोरं याच धुरात वाढली, सायेब!”

आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, “चार नाय आये, पाच व्हती. बाळ्या खोकूनच गेला ना?”

का बोलले मी तसं? माझा पाठचा भाऊ कशाने गेला, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

सुजू वाचली. आम्ही घरी आलो तर तू शेगडी घरामागच्या परड्यात टाकलेली. आळीतली सगळी बाळं तुझ्या हातून न्हालेली, पण त्यानंतर कुणी बोलवायला आलं की “आता कंबर धरते” म्हणायचीस. तुझी कंबर ठणठणीत होती. मला दिसत होतं, तरी मी गप्प बसले.

या पोराच्या खोलीत धूर शिरू देणार नाही, उदबत्तीचासुद्धा नाही. आणि उद्या सकाळी मी स्वतः हौसामावशीच्या घरी जाईन. म्हणेन, शेगडी नको, पण तेल तुझ्याच हाताने लागू दे. बाळ तिच्या मांडीवर देईन. तुला परत बोलवायचं माझं राहून गेलं, आये. तिला बोलवीन.

तुझी थोरली,
शालू