डावी पोटरी

५ मार्च, गुरुवार

ड्रायव्हर गेले! आमचे मंगळवारचे, अकराच्या वेळेचे. आज पहाटे घरातच कोसळले. त्यांच्या बसडेपोतून ताईला फोन आला – पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली म्हणे.

ताई हळहळली आणि पुढच्या बाईंसाठी मसाजच्या टेबलावरची चादर बदलायला गेली. मी तिथंच उभी.

डावा पाय. परवा मीच चोळला.

६ मार्च

लिहून टाकते. नाहीतर उद्या मीच मला फसवीन.

मंगळवारी लंगडत आले. "पोटरीत गोळा आलाय, बाई. फोडा एकदाचा." डावी पोटरी उजवीपेक्षा जाड होती. गरम होती. मला कळलं – हात ठेवल्याबरोबर कळलं! मसाज शिकताना पहिल्याच महिन्यात घोकून घेतात: एकच पाय सुजलेला, गरम, तर दाबायचा नाही, दवाखान्यात पाठवायचं. मी विचारलंही, "डॉक्टरांना दाखवलंत का?" हसले. "तुमच्यासारखा हात कुठल्या डॉक्टरला आहे?"

आणि मी खूश झाले. खूश होऊन अंगठे रुतवले. वीस मिनिटं.

उठताना म्हणाले, "हलकं वाटतंय."

१० मार्च

टायपिंगवाली आली होती. खांदे नेहमीसारखे कानाला टेकलेले. मान, पाठ नीट झाली. पायांशी आले आणि हात थबकले. डावा गरम वाटला. उजवा बघितला. परत डावा. परत उजवा. "काय हो, मसाज करताय की गुदगुल्या?"

दोन्ही सारखेच होते. गार.

घरी भांडी घासताना बोटांना तीच ऊब. थंड पाण्याच्या धारेखाली!

१३ मार्च

ताईला सांगितलं. माझी सख्खी बहीण, हे टेबल मांडलं तेही तिनंच. वाटलं, कुशीत घेईल. "गप्प बस," म्हणाली. "गेलेला माणूस परत येणार आहे का? आपलं दार मात्र बंद होईल."

नंतर पाय दुखणारे सगळे पेशंट स्वतःकडे घेतले. एवढंच. रागवावं तर तेही जमेना.

१९ मार्च

आज कुणाचीच पोटरी नाही. तरी दिवसभर हात पुसत होते.

२० मार्च

फोन मीच उचलला. बाईचा आवाज. "त्यांची मंगळवारची वेळ मोकळी आहे का? मी त्यांची बायको."

हो म्हटलं.

२४ मार्च

बारीक अंगकाठी, मान लाकडासारखी. गेल्या आठवड्यात भावाला घेऊन घर बदललं, खोकी उचलून मान धरली म्हणाली. पालथी झोपली, टेबलाच्या भोकात तोंड. खालून आवाज आला.

"ते याच टेबलावर?"

"हो."

"असंच तोंड घालून?"

"हो."

कवटीच्या खाली, उजवीकडे, सुपारीएवढी गाठ. हळूच दाबली. ती रडत होती – आवाज नाही, नुसते थेंब फरशीवर. टेबलावर रडतात माणसं, नवीन नाही. पण मी "तेल आणते" म्हणून आत गेले ते पाच मिनिटं बाहेरच येईना. तेल हातातच होतं.

जाताना म्हणाली, "पुढच्या मंगळवारीही येते."

३१ मार्च

सांगून टाकलं. तिला टेबलावर चढूच दिलं नाही. उभ्या उभ्या, भडाभडा. "पाय गरम होता. मला कळलं होतं. तरी दाबला."

तिनं ऐकून घेतलं. चपला घातल्या, एक पट्टा लागत नव्हता, तो दोनदा लावला आणि गेली.

ताई पडद्याआडून – "झालं समाधान?"

मोकळं वाटेल असं वाटलं होतं. कसलं काय! आता रस्त्यात कुणी लंगडताना दिसलं तरी मी फुटपाथ बदलते.

७ एप्रिल

अकराला ती दारात! टेबलाकडे गेलीच नाही. स्टुलावर बसली, पर्स मांडीवर.

"डॉक्टरांनी त्यांना सोमवारीच सांगितलं होतं – ताबडतोब भरती व्हा, पायाला कुणाला हात लावू देऊ नका. त्यांनी घरी येऊन मला सांगितलं. मीच म्हटलं, गुरुवारी टेम्पो यायचाय, सामान बांधलंय. आत्ता चोळून घ्या, मग बघू." पर्सची चेन उघडली, परत लावली. "हे मी कुणाला बोलले नाहीये."

मग स्टूल फिरवून तिनं माझ्याकडे पाठ केली, आणि मानेवरचे केस वर धरले.