पाच मिनिटांचा माग

श्टुटगार्ट, १० मे २००५

आण्णांस मानाचा जयभीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत न्हाय आणि तुम्ही सगळ्यालाच "व्हय व्हय" म्हणता, म्हणून लिहितेय. कारखान्यातलं शिकाऊ काम बरं चाललंय. आईला सांगा, आता भात करपत न्हाय.

रविवारी रेल्वेनं एक जुनी कापडगिरणी बघायला गेलते. इचलकरंजीच्या तुमच्या शेडातल्यासारखाच माग हाय तिथं! चालू करायच्या आधी तिथल्या बाईनं सगळ्यांना कानात घालायला बोळे दिले. फक्त पाच मिनिटांसाठी, आण्णा! मला हसू आलं, पण ते टिकलं न्हाय. तुम्हाला तीस वर्षं झाली की.

बोळ्यांच्या दोन जोड्या पाठवतेय. एक शेजारच्या मागावरच्या आकारामकाकांना द्या, म्हणजे एकट्यानं घालायला तुम्हाला लाज वाटणार न्हाय.

इथंही ओरडूनच बोलणारी,
तुमची प्रियदर्शनी