हँडल नसलेली गाडी

बाबा, आज मी चिखलीहून एक जुनी गाडी घेऊन आले. लहानशीच आहे. मागे दोघं बसली तर त्यांचे गुडघे पुढच्यांच्या पाठीत रुततात. हिवरा आश्रमाकडच्या शाळेवर मुख्याध्यापिका म्हणून बदली झाल्यापासून मी मेहकरहून रोज एसटीनं जाते. एसटीला वेळ पाळवत नाही आणि माझ्या गुडघ्यांना तिची पायरी चढवत नाही, म्हणून निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली असताना हा उपद्व्याप. ज्यांची गाडी होती ते धान्याचे व्यापारी, सज्जन माणूस. त्यांनी किल्ली दिली, कागद दिले आणि शेवटी मागच्या बाजूला हात घालून एक वाकडा लोखंडी दांडा काढला. म्हणाले, "बाई, हे हँडल. कधी किल्लीनं नाही झाली सुरू, त हे समोरून घालून फिरवायचं. असू द्या संगं." मी म्हटलं, "नको. दावं घरी ठेवावं. तुमच्याच घरी राहू द्या." ते माझ्याकडे बघत राहिले. शिकवून शिकवून बाईंचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असणार. तुम्ही असता तर हसला असता. सकाळपासून तेच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले.

आपली गाडीसुद्धा चिखलीचीच. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि घर आत्या सांभाळत होती. आपल्या गावाहून मेहकरची कचेरी सात मैल. तुम्ही काळा कोट घडी करून मांडीवर ठेवायचे आणि बैलांच्या दमणीतून निघायचे, आणि कोर्टात पोचेपर्यंत तो कोट काळा राहिलेला नसायचा. बैल म्हातारे झाले होते. त्याच सुमारास चिखलीच्या डॉक्टरांनी मोठी मोटार घेतली आणि लहान गाडी काढायची ठरवली. ती स्वस्तात मिळते आहे म्हटल्यावर तुम्ही चार रविवार चिखलीला जाऊन त्यांच्या ड्रायव्हरकडून चालवायला शिकलात. गाडी आणायच्या दिवशी मला बरोबर नेलंत. डॉक्टरांच्या पत्नी शेतकऱ्याघरच्या. त्यांनी गाडीच्या नाकाडावर हळदकुंकू लावलं, चाकांवर पाणी घातलं आणि मग समोर घातलेलं हँडल ओढून काढून पदराखाली धरलं. "जनावर इकलं तरी दावं देत नाहीत, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "दावं गेलं की लक्ष्मी जाते त्याच्यासंगं. तुमचं तुम्ही आणा." डॉक्टर ओशाळले. अहो, हे दोर नव्हे, ह्याच्याशिवाय गाडी सुरू होत नाही, असं त्यांनी दोन-तीनदा सांगून पाहिलं. बाई हलल्या नाहीत. आणि तुम्ही, कोर्टात समोरच्याला बोलू न देणारे, हात जोडून म्हणालात, "बरोबर आहे वहिनीचं." कारण बैल घ्यायला तुम्ही स्वतः जायचे तेव्हा घरून नवं दावं खांद्यावर टाकून न्यायचे, हे मी पाहिलेलं होतं.

गाडीत चालू करायचं एक बटणही होतं, पण ते डॉक्टरांच्या काळातच मेलं होतं. राहता राहिलं ढकलणं. त्यांच्या माणसांनी ढकलून दिली, इंजिन बोललं, आणि तुम्ही चिखलीपासून घरापर्यंत एकदाही थांबला नाहीत. थांबलं आणि बंद पडली तर कोण ढकलणार? रस्त्यात ओळखीची माणसं हात करत होती, एक पक्षकार तर धावत आला, आणि तुम्ही नजर समोर ठेवून बसलेले. आठ दिवस पंचक्रोशीत बोभाटा होता की वकिलाला गाडी काय मिळाली, माणूस ओळखेनासा झाला.

त्या वर्षी माझी गावातली शाळा संपली होती. पुढची इंग्रजी शाळा मेहकरला, मुलांची. तिथं मुली दोनच. आत्याचं म्हणणं ठरलेलं होतं. वाचता येतं, पत्र लिहिता येतं, आता चूल आणि दोन वर्षांनी स्थळ. तुम्ही तिच्यापुढं कधी बोलला नाहीत. तिनंच तुम्हाला कडेवर घेऊन वाढवलं होतं. मी मागच्या दाराशी बसून रडायचे आणि तुम्ही माझ्यामागून पाणी घ्यायला जायचे-यायचे. आणि मग गाडी आली, आणि एका सकाळी तुम्ही मला चालकाच्या जागेवर बसवलंत. माझा पाय खालच्या क्लचपर्यंत पोचत नव्हता. "पुढं सरक. डावा पाय दाबून धर. मी सोड म्हणलो की सोडायचा, त्याच्या आधी नाही." आणि स्वतः मागं गेलात. गडीमाणसं त्या वेळी शेतात. अंगणापासून नाल्याच्या उतारापर्यंत पन्नास-साठ पावलं सपाटी, ती तुम्ही एकट्यानं ढकललीत. उतार लागला. मागून तुमचा आवाज आला, "सोड वं बाई." मी पाय सोडला, गाडीला उचकी लागली, आणि ती चालली. तुम्ही धावत येऊन दारातून आत चढलात, मला बाजूला सारलंत, आणि आपण मेहकरला गेलो.

संध्याकाळी आत्या वाटच पाहत होती. "पोरीले काऊन नेलं रे? लोकं काय म्हणतीन?"

तुम्ही कोट खुंटीला लावत अगदी साधेपणानं म्हणालात, "अक्का, ह्या गाडीले हँडल नाही. एकट्याच्यानं सुरूच होत नाही ते. एक जण मागं, एक जण आत पाह्यजे."

"मंग कचेरीतल्या पट्टेवाल्याले बसव."

"जाताना पट्टेवाला कुठून आणू? आन् परक्याच्या हाती द्यायची वस्तू आहे का ही?"

"मंग पोरगी दिवसभर तिकडं करन काय?"

"काय करन? शाळेत बसन. सावली आहे तिथं."

आत्यानं ताट वाढायला घेतलं. नंतर दोन-चारदा म्हणाली, लोहाराकडून एक दांडा करून घे. तुम्ही म्हणायचे, मापाचं लागते ते, लोहाराचं काम नव्हे. बैलगाडीचा आख घडवणारा लोहार गावात बसलेला होता, बाबा. पण तेव्हा मला हे सुचलं नाही. मला एवढंच कळलं होतं की हँडल नाही म्हणून मी लागते, आणि मी लागते म्हणून माझी शाळा आहे.

आणि दिवाळीनंतर एका दुपारी ते हँडल आलं. तुम्ही कचेरीच्या कामानं बसनं बुलढाण्याला गेला होता, म्हणून मी घरी. आत्या देवळात. डॉक्टरांचा गडी मेहकरच्या बाजाराला जाता जाता दारात उभा राहिला आणि गोणपाटात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातात देऊन म्हणाला, "बाईंची समजूत पटली. वकीलसाहेबांले द्या." मी पाणी दिलं, तो गेला. मी ते ओसरीवर ठेवून त्याच्यासमोर बसले.  आता तुम्ही एकटे गाडी सुरू करणार, आणि मी पुन्हा मागच्या दाराशी. दुसऱ्या दिवशी भूमितीचा नवा धडा सुरू होणार होता आणि मला तो हवा होता. मी उठले आणि आईची पेटी उघडली. ती गेल्यापासून कोणी उघडत नव्हतं. तिच्या लुगड्यांच्या तळाशी ते घातलं, झाकण लावलं आणि तुळशीला पाणी घालायला गेले, कारण आत्या आल्यावर मी काहीतरी करत असायला हवं होतं.

त्यानंतर तुम्ही रोज गाडी ढकलली. उन्हाळ्यात तुमचा सदरा पाठीला चिकटलेला असायचा, पावसाळ्यात वहाणा चिखलात राहायच्या आणि तुम्ही अनवाणी धावत येऊन चढायचे. कचेरीसमोर संध्याकाळी पक्षकार मदतीला यायचे तर तुम्ही हात आडवा करायचे. "फी घेतली तेवढी पुरे," म्हणायचे. एकदा मी घाईनं आधीच पाय सोडला, गाडी जागच्या जागी अडली आणि तुमची हनुवटी मागच्या पत्र्यावर आपटली. तेवढं एकदाच तुम्ही मला रागावलात. "ऐकायचं आधी. सोड म्हणल्याशिवाय सोडलं त मागचा माणूस पडते." हे वाक्य मी पुढं कितीतरी मुलींना वेगवेगळ्या निमित्तानं सांगितलं आहे, तुमचं म्हणून नाही. नंतर तुम्हाला दम लागायला लागला. उतारावरून धावत यायचे आणि काही वेळ बोलायचे नाहीत. मी समोर बघायचे. त्या अबोल अर्ध्या मैलात रोज ठरवायचे, आज सांगून टाकू. मेहकरची घरं दिसायला लागली की वर्गाची आठवण यायची आणि राहून जायचं.

तिसऱ्या वर्षी चिखलीचे डॉक्टर कसल्याशा खटल्यात साक्षीला मेहकरला आले. संध्याकाळी मी गाडीत बसलेले, दप्तर मांडीवर, आणि तुम्ही मागं बाह्या सारून तयार. डॉक्टर त्यांच्या मोटारीकडं जाता जाता थांबले. "अहो, हे काय चाललंय? हँडल पाठवलं होतं की मी. मिळालं नाही का?"

 माझा डावा पाय दाबलेला होता. मागं वळून बघायची हिंमत नव्हती.  मग तुमचा आवाज आला, कोर्टात असायचा तसा, घाई नसलेला. "मिळालं ना. घरी आहे. दावं घरी ठेवावं, हे वहिनीकडूनच शिकलो." डॉक्टर मोठ्यानं हसले आणि गेले. गाडी हलली. थोड्या वेळानं तुम्ही म्हणालात, "सोड वं बाई." तुम्ही आत चढलात तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. घरी पोचेपर्यंत तुम्ही ज्वारीबद्दल बोललात. त्या दिवशी नाही, पुढं कधी नाही, तुम्ही मला काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे मागं जाऊन उभे राहिलात.

मी मॅट्रिक झाले. निकाल नागपूरहून आला तो दिवस तुम्हाला आठवत असेल, तुम्ही आत्याच्या पाया पडलात आणि तिला कळेना का. पुढच्याच थंडीत तुम्हाला न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत सगळं संपलं. डॉक्टर चिखलीहून तीनदा आले होते. मी त्यांना वाड्याबाहेर गाठून विचारलं, गाडी ढकलून ढकलून हे झालं का? ते म्हणाले, पोरी, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. ते खरं असेल. मी पुन्हा विचारलं नाही. गाडी विकली तेव्हा घेणाऱ्यानं हँडल मागितलंच नाही. आपल्या गाडीला हँडल नाही हे साऱ्या मेहकरला माहीत होतं. आत्या म्हणाली, "दावं ठेवायले पाह्यजे होतं वं काहीतरी." मी म्हटलं, ठेवलं आहे. तिनं विचारलं नाही. तुम्ही दोघं बहीणभाऊ एकाच मातीचे.

मला तुमची फार आठवण येते. एवढ्या वर्षांनी येऊ नये असं लोक म्हणतात, पण येते. शाळेत घंटा होते, मुली रांगेनं आत जातात, कोणाचा तरी बाप फाटकाशी सायकल धरून थोडा जास्त वेळ उभा राहतो, आणि मला पुढचं काम आठवत नाही. हे पत्र पेटीत ठेवणार आहे, आईच्या लुगड्यांखाली. हँडल तिथंच आहे. एका लुगड्यावर त्याचा गंज उतरला आहे, तो निघाला नाही.

शाळेसाठी लपवलं, हे तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही ते पोटात घातलंत. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. मॅट्रिकच्या वर्षी आत्यानंच मला गाडीत पाठीशी ठेवायला जुन्या लुगड्याची उशी शिवून दिली होती. पावसात गाडी रुतली तेव्हा पदर खोचून तीसुद्धा मागं येऊन लागली होती, आणि वर मलाच ओरडली, "शाळेची वेळ होऊन राह्यली, ध्यान कुठं आहे?" म्हणजे त्या वर्षी भीती उरली नव्हती. पेटी उघडून हँडल तुमच्या हातात दिलं असतं तरी माझी शाळा सुटणार नव्हती, हे मला चांगलं कळत होतं. तुम्हाला लागलेला दमही मला ऐकू येत होता. तरी मी दिलं नाही. तुम्ही मागं आहात आणि आता सोड म्हणाल, एवढ्यासाठी मी तुम्हाला ते अख्खं वर्ष ढकलू दिलं.