फुलपाण्याची चोरी

प्रिय नैला,

नाबुलहून पत्र आलंय म्हणजे पुन्हा काहीतरी आळ असणार, असं तुला वाटेल, वाटायलाच हवं. तू माहेरी गेल्यापासून इथे आम्ही एकमेकांकडे तिरक्या नजरेनेच बघतो. रियाद बिचारा बायको आणि आई यांच्यात हेलपाटे घालून वाळलाय.

गेल्या वसंतात नारिंगाच्या फुलांचं सुगंधी पाणी भट्टीवर काढलं तेव्हा काचेच्या बाटल्या पुरल्या नाहीत, म्हणून उरलेलं मी प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरलं. तुझ्या सासूने, शदलियाने, बुचावर मेण ओतलं आणि कोठीची किल्ली तुला दिली. पुढे तुझ्या नणंदेच्या साखरपुड्याला कॅन उघडला, तर पाहुण्यांच्या ओंजळीत निव्वळ नळाचं पाणी! वर कोठीतल्या तुझ्या माहेरच्या घोंगडीला मात्र फुलांचा घमघमाट. मग काय, शदलियाची जीभ सुटली: "फुलपाणी माहेरी पोचवलं आणि इथे नळ सोडला!" तू म्हणालीस, "आई, मेण तरी बघा, जसंच्या तसं आहे." तर म्हणे, "मेण काय, परत वितळवता येतं."

तू गेलीस, संशय मात्र इथेच राहिला. मग शेजारची दूजा चोर ठरली, मग मी. "खरं सांगा, भट्टीत फुलं कमी घातली होतीत ना?" चहा देतानासुद्धा शदलिया माझ्या हातांचा वास घ्यायची.

मी तांबट माणूस. जन्मभर डाग देऊन भट्ट्यांची भोकं बुजवली. गळती म्हटली की भोक शोधायचं, एवढंच ठाऊक. कॅन पाण्यात दाबून धरला, एक बुडबुडा नाही. शेवटी पत्रा कापायच्या कात्रीने कापला, साबणाने घासला, गच्चीत वाळवला. तरी हुंगला तर प्लास्टिकलाच वास! पोळीत तेल मुरावं तसा सुगंध त्या भिंतीत मुरला होता आणि हळूहळू पलीकडे निघून गेला होता. पाण्याला ती वाट जमत नाही, म्हणून पाणी मागे राहिलं. तुझी घोंगडीही प्लास्टिकच्या पिशवीतच होती ना? सुगंध तीही ओलांडून आत शिरला.

शदलियाला पटेना. "सुगंधाला काय पाय फुटले?" मग मी बाटलीतलं फुलपाणी नव्या कॅनमध्ये ओतलं. मेण तिनेच लावलं. शेजारी तिचा हजचा रुमाल पिशवीत गाठ मारून ठेवला आणि किल्ली तिच्याच गळ्यात. हिवाळा सरू दिला.

परवा कोठी उघडली. तिने रुमाल हुंगला, पुन्हा हुंगला, मला दिला, हिसकावून घेतला. तेवढ्यात दूजा डोकावली: "काय गं, फुलपाण्याने न्हालीस की काय?" शदलियाने गळ्यातली किल्ली चाचपली. मग म्हणाली, "किल्ली माझ्याच गळ्यात होती. म्हणजे मीच चोर."

बाजारात फुलं आली आहेत. भट्टीचा सांधा लिंपायचं पीठ आपल्याकडे सूनच भिजवते. काल दूजा हौसेने बाह्या सरसावून आली, तर शदलियाने परात उचलून आत नेली. कारण विचारलं तर म्हणे, "पीठ ओलसर आहे." माफी मागणं तिच्या जिभेला येत नाही, बेटा. हे पत्र जिने तुझ्या हाती दिलं ती अजून दारातच उभी असेल, काचेची बाटली छातीशी धरून. "इकडे काम होतं म्हणून आले," असं सांगेल. तिला वाचता येत नाही; मी काय लिहिलंय याचाही तिला संशय असणारच. तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. आत घे, आणि डोक्यावरचा रुमाल तेवढा हुंगून बघ.

तुझाच,
सासरा कमी, बाप जास्त,
हमादी